एका मांडीवर

बाकावर बसलेल्या बायकांपैकी कोण कशासाठी आली आहे, हे चिठ्ठी हातात येण्याआधी मला बरेचदा बसण्यावरून कळतं. दिवस भरत आलेली बाई पाय पसरून, पाठ टेकून, एक हात पोटावर ठेवून बसते. मुतखड्याची बाई बसतच नाही, कमरेवर हात ठेवून येरझारा घालते. आणि एखादी असते बाकाच्या अगदी कडेला, सगळा भार एका मांडीवर घेतलेली, दुसरी मांडी अधांतरी. शेजारी जागा मोकळी असते, तरी ती सरकून बसत नाही. नाव पुकारलं की पटकन उठत नाही. आधी बाकाच्या कडेला हात रोवते, ओठ दाबते, मग उठते. आत आल्यावर काय होतंय विचारलं तर म्हणते, "पोटात दुखतंय."

तिचं पोट दुखत नसतं.

तालुक्याच्या गावी सोनोग्राफी करायला लागून मला पंचवीसेक वर्षं झाली. आमच्याकडे बाईचं पोट म्हणजे एक चौसोपी वाडा आहे. जे कुठेच ठेवता येत नाही, ते सगळं त्या वाड्यात नेऊन ठेवायचं. म्हणून मी दार लावते, पडदा ओढते आणि दुसराच प्रश्न विचारते, "बसताना त्रास होतो का?" मग खाली घातलेली मान वर येते. "व्हय मॅडम. तिथं गाठ आलीय."

तिथं. एवढाच शब्द. कारण त्या जागेसाठी चारचौघांत उच्चारावा असा शब्द आपण बाईच्या हाती ठेवलेलाच नाही. 'योनी' पुस्तकातला, 'मायांग' सरकारी पत्रकातला, आणि बोलीतले जे होते ते शिव्यांमध्ये जाऊन बसले. ज्या भाषेत पावसाच्या प्रत्येक तऱ्हेला वेगळा शब्द आहे, तिच्यात निम्म्या माणसांच्या दुखण्याला पत्ता नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

माझी एक आत्या होती. विळीवर भाजी चिरायला बसली की ती अशीच बसायची, एका मांडीवर, जरा कललेली. आम्हा मुलींना ती तिची लकब वाटायची. भातुकलीत जिच्या वाट्याला आत्या व्हायचं येई, ती मुद्दाम तिरकी बसायची. कधीकधी आत्या दोन-तीन दिवस माजघरातून बाहेरच येत नसे. अंगात ताप असायचा. आजी जवसाचं पोटीस शिजवून, फडक्यात गुंडाळून आत नेऊन द्यायची आणि दार ओढून घ्यायची. मग एखाद्या सकाळी आत्या न्हाऊन बाहेर येई, पांढरीफटक, पण हलकी झालेली. आजी देवाला हात जोडून म्हणायची, "फुटलं एकदाचं." काय फुटलं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. चार-सहा महिन्यांनी आत्या पुन्हा तिरकी बसलेली असायची.

मेडिकल कॉलेजात एका रात्री बार्थोलिन ग्रंथीचं पान वाचताना मला ती विळी दिसली, तो पाट दिसला. तोवर आत्या जाऊन वर्ष लोटलं होतं, वेगळ्याच आजाराने.

योनिमार्गाच्या तोंडाशी, दोन्ही बाजूंना, घड्याळाचे चार आणि आठ जिथे येतील तिथे वाटाण्याएवढी एकेक बार्थोलिन ग्रंथी असते. ओलावा देणं हे तिचं काम. तिची दोन-अडीच सेंटीमीटरची नळी तोंडाशी बुजली की मागे पाणी साचतं आणि गाठ होते. त्या पाण्यात जंतू शिरले की गाठीचं गळू होतं, आणि मग ठणका, ताप, पाऊल टाकताना मांड्या फाकवून चालणं. शंभरातल्या दोघींना आयुष्यात कधी ना कधी हे होतं, असा अंदाज वैद्यकाची पुस्तकं देतात. शंभरात दोन म्हणजे आमच्यासारख्या गावात घरटी नसली, तरी गल्लीत एखादी नक्की. पण गल्लीला माहीत नसतं. नुसती सुई टोचून किंवा आपोआप फुटून पाणी गेलं की भोक मिटतं आणि गाठ पुन्हा धरते. आत्याच्या वर्षांचं गणित ते एवढंच होतं. डॉक्टर तिथे छोटा छेद देऊन एक बारीक फुगा बसवतात आणि तो चार ते सहा आठवडे ठेवतात, म्हणजे नवी वाट कायमची पडते. किंवा गाठीच्या भिंतीचे काठ बाहेरच्या कातडीला शिवून तोंड उघडं ठेवतात. एवढ्याने माझी आत्या नीट मांडी घालून बसली असती.

खरं तर साध्या बार्थोलिनच्या गाठीला सोनोग्राफी लागतेच असं नाही. जाणत्या स्त्रीरोगतज्ज्ञाला ती डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखू येते. माझ्याकडे बायका पाठवल्या जातात त्या शंकेच्या वेळी. गाठ किती खोल आहे, पाण्याची की मांसाची, लघवीच्या नळीशी तिचं काही नातं आहे का, की ती मागून, गुदद्वाराकडून आलेली वाट आहे, असे प्रश्न असतात तेव्हा. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच गाठ आली असेल तर मीही जास्त वेळ घेते. त्या वयात या ग्रंथी सुकत जाणाऱ्या असतात. गाठीत घट्ट भाग दिसला तर तुकडा काढून तपासायला हवा, हे मी चिठ्ठीवर स्पष्ट लिहिते.

तपासणीआधी मी सगळं सांगते. आत काही घालणार नाही. वरूनच बघणार. खोलीत आमची मावशी थांबेल, बाकी कुणी येणार नाही. दुखलं तर हात वर करा, मी थांबेन. जेलची बाटली मी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेली असते, कारण आधीच आक्रसलेल्या अंगावर गार जेल पडलं की बाई आणखी आक्रसते. प्रोबवर, म्हणजे अंगावर टेकवायच्या यंत्राच्या मुठीवर, हातमोजा चढवायचा, त्याच्या आतही जेल घालायचं, मधे हवा राहू द्यायची नाही. सोनोग्राफी आवाजाने बघते, आणि हवेतून तो आवाज पुढे जात नाही. मग दुखऱ्या जागेवर जेलचा जाड थर द्यायचा आणि त्या थरावर प्रोब नुसता तरंगता धरायचा. ठणकत्या गळवावर वजन पडता कामा नये. हे तंत्र मला कोणत्याही पुस्तकापेक्षा एका बाईने नीट शिकवलं. पहिल्याच स्पर्शाला तिने पलंगाची कड अशी घट्ट धरली की तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली. त्यानंतर माझा हात हलका झाला तो झालाच.

त्या प्रोबमधून जाणारा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. हा आवाज कोटीच्या आसपास कंपनांचा. शरीराच्या मऊ भागातून तो सेकंदाला साधारण 1540 मीटरने धावतो आणि जिथे जिथे पोत बदलतो, तिथून थोडा थोडा परततो. जे परततं त्याचं चित्र होतं. स्वच्छ पाण्यात पोत बदलतच नाही, म्हणून तिथून काही परत येत नाही. पडद्यावर पाणी काळं दिसतं, अमावास्येच्या विहिरीसारखं. पण पाण्यातून जाताना आवाज फारसा दमतही नाही, त्यामुळे गाठीच्या पलीकडची भिंत आजूबाजूपेक्षा उजळ दिसते. काळोख आणि त्याच्या पाठीशी उजेड. इतक्या वर्षांनीही ते दिसलं की मी मनातल्या मनात "पाणी!" म्हणते, विहीर खणणाऱ्या माणसाने म्हणावं तसं.

गळू वेगळं दिसतं. त्याची भिंत जाड, कड पुसट. आत काळं नाही, राखाडी; ढवळलेल्या राखेच्या पाण्यासारखं. प्रोबने अगदी हलका दाब दिला की तो राखाडी गाळ सावकाश फिरतो, आणि कळतं की हा घट्ट गोळा नव्हे, पू आहे. रंगाचा डॉपलर लावला की भोवतीच्या कडेला रक्ताचे लाल-निळे ठिपके लुकलुकतात आणि मधे काहीच नाही. शरीराने संकटाभोवती कडं केलेलं असतं. मधुमेह असलेल्या बाईच्या सुजेत मात्र पांढऱ्याशुभ्र ठिणग्या आणि त्यांच्या मागे मळकट सावल्या दिसल्या, तर तो वायू असू शकतो. मग मी रिपोर्ट टाइप होण्याची वाट बघत नाही, थेट फोन उचलते. मांस कुजवत जाणारा तो संसर्ग तासांचा हिशेब करतो.

हे यंत्र बाळाआधी गाठी ओळखायला शिकलं, हे मला फार उशिरा कळलं. 1955 सालच्या जुलैत ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड जवळच्या रेनफ्र्यू इथल्या बॉयलरच्या कारखान्यात गेले. तिथे धातूतल्या भेगा शोधायचं ध्वनियंत्र होतं. बरोबर गाडीच्या डिकीत त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या फायब्रॉइडच्या आणि बीजकोषाच्या गाठी नेल्या होत्या. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा दिला. भरीव गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे त्या दिवशी दिसलं. पुढे एका बाईचं फुगलेलं पोट असाध्य कर्करोगाचं म्हणून सोडून दिलं होतं. डोनाल्ड यांच्या यंत्राने ती बीजकोषाची प्रचंड मोठी पाण्याची गाठ असल्याचं दाखवलं. ती काढली आणि बाई वाचली. 1958 साली जॉन मॅकविकार आणि टॉम ब्राऊन या सहकाऱ्यांसह त्यांनी त्यावर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. आज आमच्या दारात गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी कायद्याने लावावी लागते, आणि ती हवीच. पण त्या पाटीमुळे गावात सोनोग्राफी म्हणजे बाळ असंच समीकरण झालं आहे. एक साठीची मावशी चार महिने आली नाही, कारण "या वयात तिथं बसले तर लोक काय म्हणतील." तिला मी रेनफ्र्यूच्या कारखान्याची गोष्ट सांगितली होती. बाळ या पडद्यावर नंतर आलं, मावशी. आधी गाठ आली.

त्या जागेच्या नकाशावर सगळी गावं पुरुषांच्या नावाची आहेत. 1677 साली विशीतल्या डॅनिश कॅस्पर बार्थोलिनने ग्रंथी वर्णिली, तिला त्याचं नाव. लघवीच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथींना ब्रुकलिनच्या अलेक्झांडर स्कीनचं, 1880 सालचं. जांघेतून मोठ्या भगोष्ठात उतरणाऱ्या पोटाच्या अस्तराच्या चिंचोळ्या पिशवीला डच आंतोन नुकचं, 1691 सालचं. ती पिशवी जन्मापूर्वी मिटायला हवी. नाही मिटली तर तिच्यात पाणी उतरतं, आणि लहान मुलींत कधी आतडं, कधी बीजकोषच उतरतो. म्हणून तान्ह्या मुलीच्या जांघेतल्या सुजेला नुसतं गळू समजून चिरू नये, आधी बघावं. या माणसांनी मान खाली न घालता बघितलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण ज्यांचं शरीर, त्यांनी त्याला काय म्हणावं हे ठरायचं अजून राहिलंच आहे.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती गार्टनरची गाठ. गर्भात सुरुवातीला प्रत्येकाच्या अंगात दोन्ही वाटा असतात, मुलाकडे नेणारी आणि मुलीकडे नेणारी. मुलगी घडू लागली की मुलाकडे नेणारी वाट, म्हणजे वोल्फची नळी, सुकत जाते. पण नदीने वाट बदलली तरी जुनं पात्र शेताखाली राहतं आणि एखाद्या पावसाळ्यात तिथे पाणी दिसतं, तसं योनिमार्गाच्या भिंतीत, पुढच्या बाजूला कडेने, त्या सुकल्या नळीचा एखादा तुकडा पाणी धरतो. हेर्मान गार्टनरने 1822 साली या मागे उरलेल्या नळीचं वर्णन केलं. बहुतेक वेळा या गाठीचा काही त्रास नसतो, आणि त्रास नसेल तर तिला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. फक्त एक करायचं. प्रोब वर न्यायचा आणि दोन्ही मूत्रपिंडं बघायची. गर्भातलं मूत्रपिंड त्या नळीच्याच फांदीतून घडतं, त्यामुळे खाली जुनं पात्र जागं असलं की वर कधीकधी त्याच बाजूचं मूत्रपिंड नसतंच. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीत मला ते तसं दिसलं. उजवीकडे गाठ, उजवीकडचं घर रिकामं. डावं मूत्रपिंड मात्र मोठं, धडधाकट, दोघांचं काम ओढणारं. ती पडद्याकडे बघत बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हे एकटंच करतंय सगळं? इतकी वर्षं?" त्यानंतर ती दर वर्षी लघवी आणि रक्तदाब तपासायला येते. मला वाटतं, त्या डाव्या मूत्रपिंडाला भेटायला येते.

आणि एक दुपार. आईने चौदा वर्षांच्या मुलीला दंडाला धरून आत आणलं. मुलीची पाळी अजून आलेली नव्हती, ओटीपोटात गोळा होता आणि सकाळपासून लघवी अडली होती. आईच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. ती दारावरची पाटी वाचून आली होती आणि तिला वाटत होतं, आपलं घर बुडालं. मुलीला तर कशाचीच कल्पना नव्हती, ती नुसती थरथरत होती. मी प्रोब पोटावर ठेवला. मूत्राशय तट्ट फुगलेला, आणि त्याच्या मागे मोठी लांबट राखाडी पिशवी. तिच्या माथ्यावर टोपीसारखं छोटंसं गर्भाशय. तो योनिमार्ग होता, दर महिन्याला साचत गेलेल्या रक्ताने भरलेला. पाळी येत होती, दार उघडत नव्हतं. योनीच्या तोंडावरचा पडदा जन्मतःच पूर्ण मिटलेला होता. नीट पाहिलं तर तिथे निळसर फुगवटा दिसत होता, आणि ते पाहायला कुणाचं धाडस झालं नव्हतं. दर महिन्याला चार दिवस पोट दुखतं असं मुलगी सांगत आली होती, आणि तिला शाळा बुडवायची असते असं सगळे म्हणत आले होते.

मी आईला पडद्याजवळ बोलावलं. "बाळ नाही हो. हे तिचंच रक्त आहे. बाहेर यायला वाट नव्हती. छोटी शस्त्रक्रिया होईल आणि पोर मोकळी होईल." आई खाली बसली, माझ्या खुर्चीच्या पायाशी, फरशीवर. मग उठून तिने मुलीच्या कपाळावरचे घामाने चिकटलेले केस मागे सारले, एकेक करून. "सांगत होती माझी बाय," ती म्हणाली. "सांगत होती मला."

1989 साली त्याच 'लॅन्सेट'मध्ये गडचिरोलीहून एक शोधनिबंध आला होता. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या 650 बायकांना तपासलं. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, सरासरी एकीला साडेतीनहून अधिक. आणि याआधी तशी तपासणी किती जणींची झाली होती? आठ टक्के. मी तो निबंध शिकत असताना वाचला आणि माझी विळीवरची आत्या त्या उरलेल्या ब्याण्णवांत जाऊन बसली. आकडे कोरडे असतात असं म्हणतात. मला तो आकडा वाचताना रडू आलं होतं.

गेल्या पावसाळ्यात भांगलणीला जाणारी एक बाई आली. उकिडवं बसून दिवसभर तण काढायचं काम, आणि आठ दिवस गळू. ती गुडघ्यांवर टेकून, हातांवर रांगत भांगलत होती, कारण रोज बुडवून चालणार नव्हता. तपासताना मी विचारलं, "बघायचंय का तुम्हाला?" बऱ्याच जणी नको म्हणतात. तिने मान वळवली. राखाडी गोल, फिरणारा गाळ, भोवतीचे लाल-निळे ठिपके. "ही आग व्हय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हा पू. आणि हे भोवतीचं तुमचं रक्त, त्याला अडवून धरणारं." ती बघत राहिली. मग मी चित्रावर बोट ठेवत एकेक जागा सांगत गेले. ही लघवीची वाट, ही बाळाची वाट, ही शौचाची, आणि ही ग्रंथी, अशीच दुसऱ्या बाजूलाही आहे. चौथ्या बाळंतपणानंतर तीन वर्षांनी तिला हे पहिल्यांदा कळत होतं. "वाटाण्याएवढी?" तिने अंगठा आणि बोट जुळवून माप धरलं. "आन् एवढं दुखवती?"

त्याच दिवशी समोरच्या दवाखान्यात तिच्या गळवाला वाट करून दिली. पंधरा दिवसांनी ती पुन्हा तपासणीला आली तेव्हा पाऊस धरला होता आणि बाकावर गर्दी होती. मी दार उघडून आत बोलवायला वाकले तर ती पाठ टेकून, पसरून बसलेली, मांडीवर छत्री. शेजारी नुकतीच कुणीतरी नवी सून येऊन टेकली होती. बाकाच्या कडेला, एका मांडीवर, नवरा दाराबाहेर उभा. भांगलणीच्या बाईने तिच्याकडे एकवार बघितलं. मग छत्री भिंतीला टेकवली, आपण उठली, त्या मुलीच्या पाठीला हात लावला आणि मला म्हणाली, "मॅडम, माझं ऱ्हाऊ द्या. हिला आधी घ्या."